सोबत कोण आहे?

गेल्या महिन्यात औराद तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आम्हांला आले. पत्र दोनच पानांचे, अक्षर वळणदार. पण त्यातील एक वाक्य काही केल्या आमच्या मनातून जाईना. बाईंचे वय अठ्ठावन्न. यजमान चार वर्षांपूर्वी निवर्तले. मुलगा बेंगळूरला नोकरीस आहे, मुलगी पुण्यास दिली आहे. मुलीचे पहिलेच बाळंतपण. डॉक्टरांनी प्रवास करू नये असे बजावल्यामुळे तिला माहेरी आणता येत नाही, आणि तिच्या सासूबाई हयात नाहीत. तेव्हा आईनेच जाऊन राहणे अगत्याचे. मुलाला रजा मिळत नाही. पुतण्या आज येतो, उद्या येतो, असे सांगतो आहे. एकटीनेच निघावे असे बाईंच्या मनात येते, परंतु घरात हा विषय काढला की जो तो एकच विचारतो, "सोबत कोण आहे?" आणि त्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नाही, असे बाई लिहितात.

ह्या पत्राला चार ओळींचे उत्तर पाठवून आम्हांला मोकळे होता आले असते. परंतु असेच पत्र आपल्या सीमाभागातील कितीतरी घरांतून येऊ शकेल, हे ध्यानात आले, आणि ह्या महिन्याचे सदर आम्ही त्यासाठीच राखले.

सोबत हा आपल्या भाषेतील मोठा आपुलकीचा शब्द आहे. जात्यावर दुसऱ्या बाईची सोबत, वारीत दिंडीची सोबत, म्हातारपणी नातवंडांची सोबत. ह्या शब्दात कोठेही बळजबरी नाही. परंतु तोच शब्द प्रवासाच्या आड आला की त्याचा अर्थ बदलतो. मग सोबत म्हणजे बरोबर येणारा पुरुष, मग तो बारा वर्षांचा भाचा का असेना! साठीला आलेल्या, चार मुले वाढवलेल्या, शेताचा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाईला सांभाळण्यासाठी शाळकरी पोर पाठवावयाचे, ह्यात काही विपरीत आहे असे आपल्याला कधी वाटले नाही. आम्हांलाही पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. ते वाटू लागले ते आमच्या एका आत्याबाईंमुळे.

आत्याबाई भालकीस राहतात. त्यांची थोरली बहीण उदगीरला दिलेली होती. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या काळी भालकी काय नि उदगीर काय, दोन्ही बीदर जिल्ह्यातलीच गावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा एक गाव म्हैसूर राज्यात राहिले आणि दुसरे मुंबई राज्यात गेले. नकाशावर रेघ ओढली गेली तरी सोयरिकी काही तुटल्या नाहीत. आपल्या भागात आजही एकीचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, हे नित्याचेच आहे. रेल्वेने भालकीहून उदगीर म्हणजे तासा-दीड तासाची वाट. मध्ये कमलनगर लागते आणि मग आलेच उदगीर.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मंगळवारी सकाळी उदगीरहून निरोप आला की थोरलीचे काही खरे नाही, येऊन भेटून जा. आत्याबाईंनी पिशवी भरली. पण घरात त्या वेळी पुरुषमाणूस नव्हते. हैदराबादच्या पुतण्यास कळवले. तो गुरुवारी सकाळी येतो म्हणाला. शेजारपाजारच्यांनी सांगितले, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, एकट्या कुठे जाता? आत्याबाई थांबल्या. बुधवारी रात्री थोरली गेली. जाण्यापूर्वी तिने दोनदा विचारले होते, "भालकीची आली का गं?"

तेरावे झाल्यावर आत्याबाई आमच्याकडे आल्या होत्या. रडून रडून डोळे कोरडे झाले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "गाडी तर रोज जात होती. मीच बसले नाही." आम्ही त्यांची समजूत घालू लागलो, तेव्हा त्यांनी हातानेच आम्हांला थांबवले. कोणी त्यांना अडवले नव्हते. दाराला बाहेरून कडी घातलेली नव्हती. तिकिटापुरते पैसे कनवटीला होते. तरीही त्या बसल्या नाहीत. कारण बसता येते हे त्यांना कधी कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यांनीही स्वतःला कधी विचारले नव्हते.

आपल्या परंपरेत हे असेच होते असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. परंपरेचा आधारच घ्यावयाचा तर आपल्या बीदर जिल्ह्याइतका भक्कम आधार दुसरीकडे मिळणे कठीण. आजचे बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातील कल्याण नगरी. शिवमोग्गा जिल्ह्यातील उडुतडी गावची महादेवी राजवाडा आणि संसार सोडून एकटी निघाली आणि पायी चालत ह्या कल्याणास आली, असे शरण परंपरा सांगते. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक भरते. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिला कठोर प्रश्न विचारले, तिने त्यांची उत्तरे दिली, आणि तेथील थोर मंडळींनी तिला 'अक्का' म्हटले. अक्का म्हणजे थोरली बहीण. हा शब्द कन्नडातही तोच आणि मराठीतही तोच. पुढे अक्का कल्याणहून श्रीशैलास गेली, तीही एकटीच. एकट्या निघालेल्या बाईला आपल्या भूमीने जे नाव दिले ते असे आहे, हे विसरू नये.

अलीकडच्या काळातील दोन मराठी स्त्रियांचे स्मरणही येथे करावेसे वाटते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. बोटीवर परिचयाच्या मिशनरी स्त्रिया होत्या. घरचे असे कोणी नव्हते. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत त्यांनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात एक जाहीर व्याख्यान दिले. लोक जे प्रश्न आपल्याला विचारतात त्यांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली, आणि त्यांत एक प्रश्न होता, एकटी का जातेस? दोघांनी मिळून जाणे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे शक्य नव्हते, हे त्यांनी सरळ सांगून टाकले. आज औरादच्या भगिनीपुढे जो प्रश्न उभा आहे तो एकशे चाळीस वर्षांपूर्वी त्या मुलीपुढेही होता. तिने शिक्षण पुरे केले आणि १८८६ साली ती वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडली. पुढच्याच वर्षी तिला मृत्यूने गाठले, ही हळहळ वेगळी.

दुसऱ्या पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा, कोकणातील देवरुखचा. तरुणपणीच वैधव्य आले. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया ह्यांच्या त्या भगिनी. हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी जमवीत त्या गावोगाव हिंडल्या. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले, भाषा शिकल्या, संस्थेसाठी पैसा उभा केला आणि १९२० साली परत आल्या. 'माझी कहाणी' ह्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. ज्यांना पन्नाशीनंतर आता काय शिकायचे असे वाटते, त्यांनी ते पुस्तक मिळवून वाचावे.

आम्ही काही कोणाला अमेरिकेस धाडीत नाही. उदगीरला वेळेवर पोहोचता यावे, एवढीच आमची इच्छा.

काळ वाईट आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही खोटे ठरवीत नाही. वर्तमानपत्रे आम्हीही वाचतो. परंतु धोका आहे म्हणून घरी बसणे हा एक मार्ग, आणि धोका आहे म्हणून तयारीने निघणे हा दुसरा. पहिल्या मार्गाचीही किंमत असते. ती कोठे लिहिली जात नाही, म्हणून ती दिसत नाही, इतकेच. आत्याबाईंनी ती मोजली. आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवतो. इतकी काळजी घेऊनही काही अनुचित घडलेच, तर त्याचा दोष तसे वागणाऱ्याचा. घराबाहेर पडलेल्या बाईचा नव्हे.

आता तयारीकडे वळू. पण त्याआधी आमची स्वतःची एक फजिती सांगणे प्राप्त आहे, म्हणजे उपदेश करणारे शहाणे असतात असा वाचकांचा गैरसमज होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही भालकीहून हुमनाबादला निघालो होतो. तेथून माणिकनगरास जाऊन माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घ्यावयाचे होते. कन्नड लिपी आम्हांला थोडी येते असा आमचा समज होता. गाडीवरच्या पाटीतले पहिले अक्षर 'हु' वाचले, आणि आम्ही ऐटीत चढून खिडकीशी बसलो. गाडी सुटली, वाहक आला, आम्ही हुमनाबादचे तिकीट मागितले, तेव्हा तो हसू लागला. गाडी हुलसूरची होती! हुलसूरही 'हु' आणि हुमनाबादही 'हु'. आणि दोन्ही गावांच्या दिशा निराळ्या. आमची छाती धडधडू लागली. पण त्या भल्या माणसाने हुलसूरला उतरवून आम्हांला बसवकल्याणच्या गाडीत बसवून दिले, तेथून हुमनाबादची गाडी मिळाली, आणि दुपारी पोहोचावयाचे ते आम्ही दिवेलागणीला पोहोचलो. त्या दिवसापासून आमचा पहिला नियम ठरला: पाटी पुरी वाचावी, आणि वाचल्यावरही विचारावे.

विचारण्यात कमीपणा नाही. आपल्या भागातील मराठी बायकांनी निदान आपल्या नेहमीच्या दहा गावांची नावे कन्नडात पुरी वाचण्यास शिकून घ्यावी. घरातल्या शाळकरी मुलाकडून हे दोन संध्याकाळींत होते. "ई बस एल्लिगे होगुत्तदे?", ही गाडी कोठे जाते, एवढे एक वाक्य तोंडी असावे. एकाच माणसास विचारून भागत नाही. वाहकास विचारावे आणि गाडीत बसलेल्या एखाद्या बाईसही विचारावे. दोघांचे उत्तर एक आले की निश्चिंत बसावे.

दुसरा नियम वेळेचा. आपण निघण्याची वेळ आधी ठरवतो आणि पोहोचू तेव्हा पोहोचू म्हणतो. एकटीने जाताना उलट करावे. नवख्या गावी दिवसाउजेडी पोहोचावयाचे हे आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत यावे. गाडी उजाडण्यापूर्वी पोहोचणारी असेल, तर स्थानकाबाहेर पडू नये. प्रतीक्षालयात इतर बायकांजवळ बसावे, चहा घ्यावा आणि उजाडल्यावर किंवा घ्यावयास माणूस आल्यावरच बाहेर पडावे. घाईने रिक्षा करण्याचे कारण नाही.

तिसरा नियम ओझ्याचा. जे सामान स्वतःला उचलून गाडीच्या पायऱ्या चढता येत नाही, ते सामान घेऊच नये. भरलेली पिशवी एकदा गच्चीपर्यंत नेऊन पाहावी. धाप लागली तर उघडून निम्मे काढून ठेवावे. लेकीकडे जाताना आपण पापड, सांडगे, मेतकूट, तूप, लोणचे असे सारे घर बांधून नेतो, आणि मग त्या ओझ्यासाठी तरी कोणी बरोबर हवे असे वाटू लागते. लाडू पुण्यातही वळता येतात. बाळंतिणीला आई हवी असते.

पैसा एके ठिकाणी ठेवू नये. वरखर्चाची सुटी नाणी व लहान नोटा हाताशी, मोठी रक्कम अंगाशी असलेल्या बटव्यात, आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे सामानात निराळे. हल्ली मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आहे आणि ती शिकून घ्यावी. परंतु आडगावी संपर्क मिळत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. मोबाइल बंद पडला तर एकही क्रमांक आठवत नाही, ही आपली सर्वांचीच अवस्था आहे. म्हणून चार क्रमांक आणि पोहोचावयाच्या घराचा पुरा पत्ता कागदावर लिहून बटव्यात ठेवावा. आधारपत्र जवळ आणि त्याची प्रत सामानात. औषधे मुक्कामाच्या दिवसांहून दोन दिवस अधिकची घ्यावीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. दागिने घरी ठेवावेत. मंगळसूत्र असेल तर पदराआड असावे.

खाण्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ह्यांसारखे दुसरे काही नाही. आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी तर आठवडाभरही टिकते. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ वा पेय घेऊ नये. नम्रपणे उपवास आहे म्हणावे. आता एक नाजूक गोष्ट. वाटेत अडचण नको म्हणून पुष्कळ बायका आदल्या दिवसापासून पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते, लघवीची जळजळ होते. हा मार्ग अगदी चुकीचा. पाणी प्यावे, आणि लांबच्या पल्ल्यासाठी शक्यतो रेल्वे निवडावी, कारण तेथे सोय असते. बसने जाणे असेल तर मोठ्या स्थानकावर गाडी किती वेळ थांबणार हे वाहकास विचारून, त्याला सांगून उतरावे. मासिक पाळीचे साहित्य तारीख नसली तरी जवळ असू द्यावे.

बोलण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. प्रवासात ओळखी व्हाव्यात. तो तर प्रवासाचा अर्धा आनंद. परंतु "मी एकटीच आहे, अमुक ठिकाणी उतरणार, रात्री अमुक धर्मशाळेत राहणार" हे पहिल्याच गप्पांत सांगण्याची आवश्यकता नसते. "पुढे भाऊ घ्यायला येणार आहे" असे म्हणण्यात पाप नाही. कोणाच्या वागण्याने मन कचरले, तर त्याचे कारण शोधीत बसू नये. उठून दुसऱ्या बायकांजवळ जाऊन बसावे. लोक काय म्हणतील ह्या संकोचाने जागेवर खिळून राहणे, हीच मोठी चूक होते. आणि वेळ आली तर मोठ्याने ओरडावे. आपल्या बायकांना हळू बोलण्याची इतकी सवय असते की हे घरी परसात एकदा करून पाहिल्याखेरीज जमत नाही.

आता आपले हक्क काय आहेत तेही माहीत असावे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५८ व्या कलमान्वये प्रवासी गाडीत काही जागा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. लांब पल्ल्याच्या मेल व एक्सप्रेस गाड्यांच्या शयनयान वर्गात एकट्या वा स्त्रियांच्या गटाने जाणाऱ्या प्रवाशांसाठी सहा शायिकांचा कोटा असतो, आणि ४५ वर्षे व त्यापुढील स्त्रियांना खालची शायिका देण्याची तरतूद आहे. आरक्षण करतेवेळी वय बरोबर लिहावे, इतकेच. त्याच कायद्याचे १३९ वे कलम असे सांगते की बरोबर पुरुष नसलेल्या स्त्रीला तिकिटाच्या कारणावरून गाडीतून उतरवावयाचे झाले, तरी ते तिच्या निघण्याच्या स्थानकावर, अथवा जंक्शन, अखेरचे वा जिल्ह्याच्या ठिकाणचे स्थानक असेल तेथेच, आणि दिवसाच उतरवता येते. तिकीट काढू नये असा ह्याचा अर्थ नव्हे. पण तिकीट हरवले तर रात्री कोठेतरी उतरवून देतील ही भीती बाळगू नये. योगायोग असा की रेल्वेच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांकही १३९ च आहे. अन्यत्र कोठेही ११२ आणि स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक ध्यानात ठेवावेत.

भाड्याची गोष्ट आपल्या सीमाभागात मोठी मौजेची झाली आहे. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी सामान्य बसगाड्यांतून राज्यांतर्गत विनामूल्य प्रवास दिला. त्याआधी १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस. टी. चे भाडे स्त्रियांना निम्मे झाले होते. आणि ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाने तेथील रहिवासी स्त्रियांना विनामूल्य प्रवास सुरू केला. म्हणजे बीदरची बाई कलबुर्गीस जाईल तेव्हा शून्य रकमेचे तिकीट, उदगीरहून लातूरला जाईल तेव्हा निम्मे, आणि जहिराबादेहून हैदराबादेस जाईल तेव्हा पुरे! आपल्या राज्यात रहिवासाचा पुरावा दाखवावा लागतो, आरामगाड्यांना सवलत नसते, आणि सीमा ओलांडणाऱ्या गाडीत ती गृहीत धरू नये; आधी विचारावे. पैशाची अडचण हे कारण पूर्वी खरे होते. आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तरी ते फारसे उरलेले नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिलाच प्रवास पुण्याचा करू नये. आत्याबाईंनी काय केले ते सांगतो. बहिणीच्या वर्षश्राद्धानंतर त्या प्रथम एकट्याने माणिकनगरास गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. मग उदगीरला भाचीकडे. एक रात्र राहून आल्या. त्यानंतर बीदरला रेल्वेने, केवळ आरक्षणाच्या खिडकीवर अर्ज कसा भरतात ते पाहण्यासाठी. मग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हा त्या हुमनाबादहून गाडीने कलबुर्गीस आणि तेथून बसने गाणगापूरला गेल्या. अशा पायऱ्या चढत गेले की भीती एकदम अंगावर येत नाही. प्रत्येक वेळी थोडी थोडी मागे राहते.

गाणगापूरहून परतल्यावर त्यांनी आम्हांला जे सांगितले ते आम्ही विसरलो नाही. त्या पूर्वी चार वेळा तेथे जाऊन आल्या होत्या, प्रत्येक वेळी घरच्या मंडळींबरोबर. पादुकांचे दर्शन, दुपारची माधुकरी, आणि लगेच "चला, आवरा, गाडी चुकेल". ह्या खेपेस त्या भीमा आणि अमरजा ह्यांच्या संगमावर पायऱ्यांवर दोन तास बसून होत्या. कोणी पाणी मागितले नाही, कोणाचे मूल सांभाळायचे नव्हते. "नदी इतकी रुंद आहे हे मला ठाऊकच नव्हते," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "आणि मला चहा कमी साखरेचा आवडतो, हेही तिथेच कळले. घरी सगळ्यांचा एकत्र होतो ना."

एकटीच्या प्रवासाचा लाभ काय, असे कोणी विचारले तर आम्ही त्यांना आत्याबाईंचा हा कमी साखरेचा चहा सांगतो. बाई घरी परत येते ती तीच असते. परंतु आपण काय करू शकतो, आपल्याला काय हवे असते, हे तिला कळलेले असते. ह्याने संसार मोडत नाही. आत्याबाईंच्या घरी तर मंडळी तिची वाट पाहू लागली, कारण ती परतली की सांगण्यासारखे पुष्कळ असे.

दोन शब्द घरच्या मंडळींसाठी. आई, बहीण वा पत्नी एकटी निघाली की दर पाव तासाने फोन करून "कुठे पोहोचलीस?" विचारू नये, त्याने तिचा धीर खचतो आणि मोबाइलही संपतो. गाडीत बसल्यावर, मध्ये एकदा, आणि पोहोचल्यावर, असे तीन फोन ठरवून घ्यावेत. ठरल्या वेळी आला नाही तर मात्र आपण करावा. तिच्यामागे घर चालले पाहिजे, म्हणून भाताला पाणी किती घालतात हे पुरुषांनी आधीच शिकून ठेवावे. आणि काही चुकले, गाडी हुकली, पिशवी हरवली, तर "तरी सांगत होतो" हे तीन शब्द गिळावेत. हे शब्द ऐकलेली बाई पुन्हा निघत नाही.

आता औरादच्या भगिनीस. बाई, रेल्वेचे आरक्षण हल्ली साठ दिवस आधी खुले होते; तेव्हा दिवस मोजून तिकीट काढून ठेवा. बीदर–भालकीवरून लातूर, धाराशिव, कुर्डुवाडीमार्गे पुण्यास व पुढे मुंबईस थेट गाडी जाते. ती रोज नसते, म्हणून वार व वेळ स्थानकावर विचारून घ्या. जावईबापूंना स्थानकात आत येऊन डब्यापाशी उभे राहावयास सांगा. तत्पूर्वी महिनाभरात एकदा उदगीरला आणि एकदा कलबुर्गीस एकट्या जाऊन या. पुतण्या आला तर त्याच्याबरोबर आनंदाने जा. सोबत मिळाली तर ती नाकारण्याचे कारण नाही. पण तो येईपर्यंत थांबू नका. मूल काही त्याच्या सवडीने जन्मास येणार नाही.

आणि घरात पुन्हा कोणी विचारले, सोबत कोण आहे, तर भालकीचा पत्ता आम्ही खाजगी पत्राने कळवीत आहोत. आत्याबाई आता पंचाहत्तरीला आल्या आहेत. गल्लीतल्या दोन-तीन बायका प्रथमच एकट्या निघाल्या, तेव्हा आदल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसल्या होत्या. त्यांनी पिशव्या उचलून पाहिल्या, निम्मे सामान काढून ठेवले आणि सकाळी स्थानकापर्यंत जाऊन गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभ्या राहिल्या. तुमच्याही गाडीला भालकीस त्या येतील. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही, पण खिडकीतून दशम्यांचे पुडके देण्याइतकी खचित थांबते.

पोहोचल्याचे पत्र आम्हांला अवश्य टाकावे. मुलगा झाला की मुलगी, तेही कळवावे.